रात्री साडेतीनचं पोट

दिवसा कुत्रा ठणठणीत असतो. सकाळी फिरून येतो, वाटी चाटूनपुसून साफ करतो, कुरिअरवाल्यावर भुंकतो, दुपारी पंख्याखाली आडवा होतो. दवाखान्यात नेलं तर टेबलावर उभा राहून शेपटी हलवतो. डॉक्टर पोट दाबून बघतात, ताप बघतात, हिरड्या बघतात, सगळं ठीक. आणि चार-सहा दिवसांनी पुन्हा एका रात्री, घर गाढ झोपेत असताना, फरशीवर नखांचा आवाज येतो. येरझाऱ्या सुरू होतात. ओठ चाटण्याचा, घोट गिळल्यासारखा आवाज. पोटात गुडगुड, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल इतकी. कुणी उठून दिवा लावेपर्यंत फेसाळ पिवळ्या पाण्याची उलटी झालेली असते, नाहीतर दाराशी केविलवाणी धडपड आणि जिन्यातच जुलाब.

एकदा झालं तर कुणी मनावर घेत नाही, आणि घेण्याची गरजही नसते. कुत्री उकिरड्यावर तोंड घालत आली आहेत. नको ते ओकून मोकळं होणं त्यांच्या शरीराला सहज जमतं. काळजी सुरू होते ती हे पुन्हा पुन्हा होऊ लागलं की. पशुवैद्यांशी आणि कुत्री पाळणाऱ्या घरांशी या लेखाच्या निमित्ताने बोलताना एक गोष्ट सारखी समोर येत राहिली. दुखणं रात्री दिसतं, पण त्याची मुळं दिवसात असतात. आणि दिवसभरात त्या कुत्र्याच्या तोंडात काय काय गेलं, हे घरातल्या एकाही माणसाला पूर्ण ठाऊक नसतं.

आमची भुरी गल्लीतच जन्मलेली देशी कुत्री. गेल्या पावसाळ्यात तिच्या रात्री बिघडल्या. संध्याकाळी फिरून आली की साडेसहाला जेवायची, मग सकाळपर्यंत काही नाही. पहाटे तीन-साडेतीनला ती उठायची, फरशी चाटायची, आणि थोड्या वेळाने पिवळी उलटी. त्यात अन्नाचा कण नसायचा. उलटी झाली की शांत झोपायची आणि सकाळी भुकेली उठायची. घरात आणि बिल्डिंगमध्ये प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं. आई म्हणाली, पित्त झालंय, थंड दूध द्या. शेजारच्या काकांना खात्री होती की जंत आहेत. खालच्या मजल्यावरच्या मुलीने महागड्या परदेशी खाद्याचं नाव लिहून दिलं.

यांत आईचं म्हणणं सत्याच्या सर्वांत जवळ होतं, दुधाचा उपाय सोडला तर.

रिकामं पोट स्वस्थ बसत नाही, हे माणसाला कळलं तेही कुत्र्यांकडूनच. इव्हान पावलोव्ह म्हटलं की घंटा आणि लाळ आठवते, पण त्यांना १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी. सेंट पीटर्सबर्गमधल्या त्यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या पोटातून गोळा केलेला जठररस अपचनाच्या रुग्णांना औषध म्हणून विकलाही जात असे. त्या मुक्या जनावरांनी सोसलेलं वाचवत नाही. पण आज आपल्या घरातल्या कुत्र्याच्या पोटाविषयी जे सांगता येतं, त्यातलं बरंचसं त्यांच्याच देण्यातून आलेलं आहे. पावलोव्ह यांचे एक शिष्य बोल्डिरेव्ह यांना दिसलं, की उपाशी कुत्र्याचं जठर बराच वेळ शांत राहतं आणि मग ठरावीक अंतराने जोरात आकुंचन पावू लागतं. पुढे १९६९ साली अमेरिकेत जोसेफ शुर्शेव्स्की यांनी कुत्र्यांच्या आतड्यातले विद्युत्-संकेत नोंदवून दाखवलं, की ही हालचाल लाटेसारखी वरून खाली सरकत जाते. साधारण दीड-दोन तासांनी नवी लाट निघते, आणि पोटात अन्न पडलं की हा क्रम मोडतो. रात्री रस्ते रिकामे झाल्यावर झाडूवाला फिरावा, तशी ही लाट उरलेसुरले कण, गिळलेले केस आणि साचलेले रस पुढे ढकलत नेते.

आता साडेसहाला जेवलेल्या कुत्र्याचा विचार करा. मध्यरात्र उलटून गेली की त्याचं जठर रिकामं होत आलेलं असतं. काही कुत्र्यांमध्ये अशा वेळी आतड्यातलं पित्त पुढे जायचं सोडून मागे, जठरात शिरतं. तिथलं अस्तर पित्ताने चुरचुरतं, मळमळतं, आणि पहाटे ते पिवळं पाणी बाहेर येतं. आतड्याची हालचाल मंदावल्यामुळे असं होत असावं, असा पशुवैद्यांचा कयास आहे. या दुखण्याची एक अशी तपासणी नाही. जंत, स्वादुपिंड, यकृत, गिळलेला मोजा किंवा हाडाचा तुकडा हे सगळं नाही ना, याची खात्री करत करतच तिथवर पोचावं लागतं. उपाय मात्र इतका साधा की विश्वास बसू नये: दिवसाचं अन्न तेवढंच ठेवायचं, पण त्याचे तीन भाग करायचे आणि शेवटचा छोटा भाग घरातले दिवे मालवायच्या आधी द्यायचा. भुरीला अकरा वाजता मूठभर अन्न मिळू लागलं आणि पिवळ्या उलट्या थांबल्या.

फरशी चाटणं मात्र थांबलं नाही. अधूनमधून मध्यरात्री दाराशी जाऊन उभं राहणंही नाही.

चाटण्याकडे आपण खोड म्हणून बघतो. कंटाळली असेल, लाड हवे असतील, फरशीवर काही सांडलं असेल. कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी सारखी जमीन, भिंती, गाद्या चाटणाऱ्या १९ कुत्र्यांच्या पोटाची नीट तपासणी केली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १९ पैकी १४ कुत्र्यांना पचनसंस्थेचा काही ना काही विकार निघाला. संख्या लहान आहे, पण ती वाचल्यापासून मी रात्री फरशी चाटणाऱ्या कुत्र्याला दटावणाऱ्या माणसाला थांबवते. त्याला मळमळत असण्याची शक्यता आधी धरायला हवी.

गवताचं मात्र उलट आहे. कुत्रं हराळी खाऊ लागलं की त्याचं पोट बिघडलंय, ते ओकण्यासाठीच खातंय, असं आपल्याकडे गावोगाव मानतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दीड हजारांहून अधिक मालकांकडून माहिती गोळा केली, ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. गवत खाण्याआधी आजारी दिसणारी कुत्री त्यात दहा टक्क्यांहूनही कमी होती, आणि खाल्ल्यावर नेहमी ओकणारी पाचातली साधारण एक. म्हणजे बागेत सकाळी शांतपणे दोन पाती चावणारं कुत्रं बहुधा निरोगीच असतं. रात्री दोन वाजता दाराबाहेर सुटून कुंडीतली माती, पानं, जे मिळेल ते अधाशासारखं गिळणारं कुत्रं निराळं. तिथे मळमळीचा संशय घ्यावा.

दाराशी उभं राहण्याचं कारण आणखी वेगळं असू शकतं. जुलाब एकाच प्रकारचे नसतात, आणि हा फरक मालकाला कळला तर डॉक्टरांचं निम्मं काम होतं. लहान आतडं बिघडलं तर शी भरपूर, पातळ, दिवसातून थोड्याच वेळा. कुत्रं हळूहळू रोडावतं. मोठं आतडं सुजलं तर शी थोडी थोडी, पुन्हा पुन्हा, शेंबडासारखी चिकट, शेवटी कधी रक्ताचा ठिपका, आणि कळ अशी की थांबणं शक्यच नाही. रात्री माणसाला उठवणारं कुत्रं बरेचदा या दुसऱ्या गटातलं असतं. शिकवलेलं, स्वच्छ राहणारं जनावर घरात घाण झाल्यावर कोपऱ्यात जाऊन कान पाडून बसतं, ते बघवत नाही. त्या वेळी आवाज चढवू नये. त्याने शक्य तेवढं धरून ठेवलेलं असतं.

भुरीच्या डॉक्टरांनी शी तपासायला सांगितली, जंताचं औषध वजनाप्रमाणे दिलं, रक्त तपासलं. पावसाळ्यात गोचिडींमुळे होणारा तापही उलट्यांनी सुरू होऊ शकतो, म्हणून तेही बघितलं. काही निघालं नाही. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आईकडे वळून विचारलं, “आजी, दिवसभरात हिला कोण कोण काय काय देतं?”

आई म्हणाली, “काही नाही हो. सकाळी चहाबरोबर एक बिस्किट. आणि पोळ्या करताना पहिली पोळी तिची, ती तर द्यायलाच हवी.”

मुलगी म्हणाली, शाळेतून आल्यावर चीज. माझा नवरा थोडा वेळ गप्प राहिला आणि मग रविवारच्या मटणाच्या नळीचं बोलला. खाली वॉचमनकाका तिला रोज ग्लुकोज बिस्किटं देतात हे सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या पाळीवरचे काकाही देतात हे कुणालाच माहीत नव्हतं. कामाला येणाऱ्या मावशी डब्यातला उरलेला भात भाजीसकट देत, कारण “ती बघत बसते, मग घास उतरत नाही.”

डॉक्टरांनी कुणालाही दोष दिला नाही. त्यांनी एक कोरा कागद दिला. फ्रीजवर लावा म्हणाले, आणि जो जे देईल त्याने ते लिहायचं. वेळ, वस्तू, किती. खाली दुसरा रकाना शीचा आणि उलटीचा, तिसरा झोपेचा. तीन आठवडे.

आपल्याकडे प्रेम करायचं म्हणजे खाऊ घालायचं, हे मला फार मोलाचं वाटतं आणि ते बदलावं असं मी म्हणणार नाही. पहिली पोळी गाईची आणि शेवटची कुत्र्याची ही पद्धत कित्येक घरांत अजून पाळतात. पण पूर्वी ती शेवटची पोळी अंगणाबाहेर एका कुत्र्याला मिळायची, जे दिवसभर दहा मैल हिंडायचं. आज ते कुत्रं दोन खोल्यांच्या घरात राहतं, त्याला वाटीतून मोजून खाद्य मिळतं, आणि वरून पाच-सहा मायेचे हात चालू असतात. प्रत्येक हात थोडंच देतो. त्यांची बेरीज फक्त त्या पोटात होते.

पोळी-भाकरी कुत्र्याला पचत नाही, हेही लोक हल्ली फार ठामपणे सांगतात, लांडग्याचे दाखले देऊन. २०१३ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या गटाने ‘नेचर’मध्ये दाखवलं, की पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. माणूस शेती करू लागला, कुत्रं त्याच्या चुलीजवळ आलं, आणि त्याचं पोट आपल्या अन्नाला सरावलं. ज्वारीची भाकरी खाऊन धनगरांच्या मेंढ्या राखणारी कुत्री महाराष्ट्राने पिढ्यान् पिढ्या पाहिली आहेत. भाकरी गुन्हेगार नाही. दुधाचं तसं नाही. वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्यांपैकी अनेकांना त्यातली साखर पचत नाही आणि रात्री पोट फुगून गडबड होते. दही-ताक त्या मानाने सोसतं. खरी अडचण तुपातेलाची, आणि त्याहून अधिक, रोज बदलणाऱ्या अन्नाची.

लॅब्रॅडॉर असेल तर हिशोब आणखी अवघड. या जातीची कुत्री कधीच पोट भरल्यासारखं वागत नाहीत, हा मालकांचा अनुभव खरा आहे. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ साली सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला आढळला, जो तृप्तीच्या संदेशाशी संबंधित आहे. घरातल्या प्रत्येकाकडे जाऊन ‘मला अजून कुणी दिलं नाही’ अशा डोळ्यांनी बघणारं ते कुत्रं नाटक करत नसतं. त्याला खरोखर भूक लागलेली असते.

आमच्या कागदावर दुसऱ्याच आठवड्यात आकृती दिसू लागली. चीज आणि मटण ज्या दिवशी, त्याच्या दुसऱ्या रात्री दार. डॉक्टरांनी मग अन्नाची परीक्षा सांगितली: एकच प्रथिन, जे तिने सहसा खाल्लेलं नाही, आणि एकच धान्य. सलग काही आठवडे. तीन आठवड्यांहून जास्त चाललेल्या पोटाच्या तक्रारींत बरीच कुत्री केवळ अन्न बदलून बरी होतात, आणि पोटाचा फरक पहिल्या दोन आठवड्यांतच दिसू लागतो. ऐकायला सोपं, करायला कठीण. आपल्याकडे कोंबडी सगळ्यात असते: खाद्याच्या पाकिटावर ‘मासळी’ लिहिलेलं असलं तरी आतल्या यादीत कोंबडीची चरबी निघते, आणि चघळायच्या गोचीडनाशक, जंतनाशक गोळ्यांना मांसाचा स्वाद असतो. आम्ही भात आणि उकडलेल्या बांगड्यावर गेलो, काटे काढून, मिठाशिवाय. कायमचा असा आहार अपुरा पडतो, त्यात कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं घालावी लागतात, परीक्षेपुरता चालतो. एका ग्लुकोज बिस्किटाने सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं, हे वॉचमनकाकांना आईने स्वतः खाली जाऊन समजावलं. ते म्हणाले, “मग मी काय देऊ, आजी? ती वाट बघते.” आईने त्यांच्याकडे उकडलेल्या भाताचे लाडू ठेवायला सुरुवात केली.

औषधांविषयी थोडं स्पष्ट लिहायला हवं, कारण इथे नुकसान होतं. जुलाब म्हटले की मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक, ही आपल्या घरांची आणि कित्येक दवाखान्यांचीही सवय आहे. मात्र युरोपीय तज्ज्ञांनी २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शनात कुत्र्याच्या साध्या, तात्पुरत्या जुलाबांना प्रतिजैविक देऊ नये असंच म्हटलं आहे; बहुतेक कुत्री त्याशिवाय बरी होतात आणि आतड्यातले उपयोगी जिवाणू नाहक मरतात. जुनी चिठ्ठी दाखवून तीच गोळी पुन्हा आणू नये. आणि घरातली पोटदुखीची, अंगदुखीची माणसांची गोळी तर कधीच नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पोट दुखतंय म्हणून दिलेली गोळीच पोट फाडते.

वारंवार येणाऱ्या आणि आपोआप जाणाऱ्या दुखण्यामागे कधी भलतंच काही असतं, तेही नजरेआड होऊ नये. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी थकल्या की, म्हणजे ॲडिसनच्या आजारात, कुत्रं आठवडाभर मलूल, ओकणारं आणि पुढचा आठवडा बरं असं चालतं. पाहुणे आले, प्रवास झाला की पुन्हा कोसळतं. पोटाचं साधं दुखणं समजून महिने जातात. रक्तातलं कॉर्टिसॉल एकदा तपासलं तर हा संशय बहुतेक वेळा मिटतो. वर्षभर पोटाने त्रस्त असलेल्या कुत्र्याच्या मालकाने हे नाव डॉक्टरांपाशी स्वतःहून काढायला हरकत नाही.

आणि काही रात्री सकाळची वाट बघत नाहीत. कुत्रं ओकायचा प्रयत्न करतंय, उमासे येताहेत, पण बाहेर फक्त लाळ. पोट ढोलासारखं ताणलंय. बसवत नाही, निजवत नाही. जठर वायूने फुगून स्वतःभोवती पिळलं गेल्याची ही लक्षणं आहेत. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, सेंट बर्नार्ड अशा खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत हे अधिक होतं. रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत कुत्रं जातं. घरगुती उपाय नाही, फोनवरचा सल्ला नाही. शस्त्रक्रिया होईल तिथे तडक पोचायचं. लस अपुरी असलेल्या पिल्लाला रक्ताचे, दुर्गंधीचे जुलाब सुरू झाले तर पार्व्हो या विषाणूजन्य आजाराचा धोका, तिथेही तास मोजायचे. हिरड्या पांढुरक्या पडल्या, चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर जागेवर येईना, पाणी पोटात ठरेना: निघा.

कुठे निघायचं, हा महाराष्ट्रातला खरा प्रश्न आहे. मुंबईला परळमध्ये बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय १८८३ पासून जनावरांसाठी उभं आहे, शेजारचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चं, आणि महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं. पण तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याची घडण गाई-म्हशींसाठी झालेली आहे. तिथले डॉक्टर मनापासून कुत्रं बघतात, तरी रात्री दोनला सोनोग्राफी आणि भूलतज्ज्ञ कुठून आणणार? म्हणून ज्याच्या घरी मोठं कुत्रं आहे, त्याने एखाद्या मोकळ्या दुपारी आपल्या भागात रात्री खरोखर कोण दार उघडतं, हे फोन करून विचारून ठेवावं. खोल छातीच्या जातींत नसबंदीच्या वेळीच जठर पोटाच्या भिंतीला टाचून घेण्याची शस्त्रक्रिया करता येते, तीही विचारावी.

दिवाळीत घरात फराळ असतो. लाडवातले आणि चिवड्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना विषारी आहेत; किती खाल्ल्यावर बाधेल हे सांगता येत नाही, म्हणून एकही नको. चॉकलेटची पाकिटं वर ठेवा. तळणीचा चुरा, चकली, शंकरपाळे यांनी स्वादुपिंडाला सूज येऊ शकते: कुत्रं पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकतं आणि मागचा भाग वर ठेवतं. खेळायला बोलावतंय असं वाटतं, पण ते त्याच स्थितीत राहिलं, ओकू लागलं तर त्याचं पोट दुखतंय. फटाक्यांच्या भीतीनेही मोठं आतडं बिघडतं. दोन दिवस फटाके आणि तिसऱ्या रात्री शेंबडासारखी शी, हे दरवर्षी होणारी कितीतरी कुत्री आहेत. त्या दिवसांत अन्न अजिबात बदलू नये, फिरणं उजेडी उरकावं, आणि रात्री आतल्या खोलीत कुणीतरी त्याच्याजवळ बसावं. भीतीवर औषधं आहेत, ती आधीच डॉक्टरांना विचारून आणावीत.

भुरीची अन्नपरीक्षा संपल्यावर एकेक पदार्थ परत आणला. अंडं सोसलं, कोंबडी सोसली, चीज सोसलं नाही. मुलगी आता तिला काकडी देते आणि भुरी ती तितक्याच आनंदाने घेते. पहिल्या पोळीचा चतकोर, तुपाशिवाय, आईने डॉक्टरांकडून मंजूर करून घेतला आहे आणि तो कागदावर रोज लिहिला जातो. रविवारी मटणाची नळी नाही. फिरायला जाताना पट्टा आखूड धरावा लागतो, कारण कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीखाली अजूनही तिचं लक्ष असतं, आणि तिथे काही तोंडात गेलंच तर मध्यरात्री आम्ही उठतो, तिला खाली नेतो, दुसऱ्या दिवशी मऊ भात देतो आणि तारीख लिहून ठेवतो.